खुलदाबादच्या कबरी

दौलताबादचा घाट चढून वेरुळाकडे जाणाऱ्या पुणेकर प्रवाशाचें चित्त लेण्यांकडे लागलेलें असतें. त्यामुळें वाटेवरचें खुलदाबाद बहुधा मोटारीच्या खिडकींतूनच पाहिलें जातें. वास्तविक, महाराष्ट्राच्या इतिहासाची ज्यास आवड आहे त्यानें येथें अर्धा दिवस तरी थांबावें. एवढ्याशा गांवांत इतके राज्यकर्ते चिरनिद्रा घेत असल्याचें दुसरें उदाहरण आपल्याकडे क्वचितच सांपडेल.

या गांवाचें महत्त्व मात्र राजांनीं निर्माण केलेलें नव्हे. चौदाव्या शतकांत चिश्ती परंपरेचे सूफी येथें येऊन राहिले. बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यु १३३७) आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे येथें झाले व गांव ‘रौझा’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. संताच्या पायांशीं देह विसावावा, ही इच्छा कोणती, हें नामदेवाची पायरी पाहिलेल्या मराठी वाचकास समजावून सांगावयास नको. त्याच इच्छेनें राजेही येथें आले.

त्यांत पहिला मान मलिक अंबराचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी बुडत्या निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्याच बाजूनें लढले. १६२६ मध्यें तो वारला. त्याची घुमटाची कबर येथें उभी आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह दौलताबादच्या कैदेंत मेला, तोही येथेंच. पालखेडास १७२८ मध्यें पहिल्या बाजीरावानें ज्याला कोंडींत पकडलें, तो निजामुल्मुल्क आसफजाह १७४८ पासून बुऱ्हाणुद्दिनांच्या दर्ग्यांत विसावला आहे.

आणि तानाशाहास ज्यानें कैद केलें, तो औरंगजेबही याच गांवीं! जैनुद्दिनांच्या दर्ग्याच्या आवारांत उघड्या आकाशाखालीं त्याची मातीची कबर आहे. तिच्याभोंवतीं दिसणारी संगमरवरी जाळी विसाव्या शतकांतली. लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामानें ती बसविली. बापानें ताजमहाल बांधला, पत्नीसाठीं पंधरा-सोळा मैलांवर बिबीचा मकबरा उभा राहिला. स्वतःला मात्र बादशहानें छप्परही नको म्हटलें. त्याचें म्हणून प्रसिद्ध असलेल्या मृत्युपत्रांत, टोप्या शिवून मिळविलेले चार रुपये दोन आणे कफनास खर्चावेत, असें लिहिलें आहे. मृत्यूनंतर त्यास ‘खुल्द-मकान’, म्हणजे स्वर्गनिवासी, म्हणूं लागले. रौझ्याचें खुलदाबाद झालें तें त्यावरून.

या साधेपणापुढें कोणी भारावून जातो, तर कोणी संभाजीराजांची हत्या आठवून तोंड फिरवितो. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. पण इतिहासाच्या अभ्यासकानें आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: दिल्लीचा बादशहा येथें कां पुरला गेला? १६८१ सालीं तो दक्षिणेंत उतरला. १६८६ मध्यें विजापूर, १६८७ मध्यें गोवळकोंडें पडलें. १६८९ मध्यें संभाजीराजे मारले गेले आणि रायगडही गेला. काम संपलें असें वाटावें, तेथेंच खरें युद्ध सुरू झालें. राजाराम, ताराबाई, संताजी, धनाजी, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत आलीं नाहींत असे हजारों लोक, यांनीं आणखी अठरा वर्षें त्यास परतूं दिलें नाहीं. १७०७ मध्यें अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं तो अहमदनगरास वारला. दिल्ली त्यानें पुन्हां पाहिली नाहीं.

म्हणून ही कबर जितकी त्याची, तितकीच आपल्या पूर्वजांच्या चिकाटीची निशाणी आहे. विजयस्तंभ विजेत्यानें उभारलेला असतो, त्यांत थोडी आत्मस्तुति असावयाचीच. ही साक्ष प्रतिपक्षानें स्वतःच्या देहानें दिली आहे. तिच्यापुढें गुडघे टेकण्याचें कारण नाहीं आणि तिच्यावर रागावण्याचेंही नाहीं. ती नीट वाचतां आली म्हणजे पुरे.

गांवाबाहेर पडून घाट उतरलें कीं थोड्याच अंतरावर वेरूळ लागतें. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे यांच्या घराण्याचें तें गांव. ज्या भोसल्यांचें राज्य बुडवावयास आलमगीर निघाला, त्यांच्याच वेशीशीं तो कायमचा मुक्कामास राहिला आहे.