२८० रुपयांचं रिव्हॉल्व्हर

बंगालच्या क्रांतिकारकांवरची पुस्तकं वाचताना मला एक खोड लागली आहे. शपथा, फाशीच्या आदल्या रात्री लिहिलेली पत्रं, कोर्टातली भाषणं हे सगळं त्या पुस्तकांत असतंच. मी हिशेब शोधतो. हत्यार कुठून आलं, काय भावाने आलं, आणि वेळेला चाललं का? बहुतेक लेखक इथे घाईत असतात. "पिस्तूल मिळवलं," एवढं लिहून ते पुढे जातात, जणू ते मंडईत मिळत होतं. म्हणून कमला दासगुप्ता यांच्या नावाशी जोडलेला एक आकडा मला मोलाचा वाटतो. १९३२ साली कोलकाता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास हिने गव्हर्नरवर ज्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या, ते कमलाताईंनी २८० रुपयांना विकत घेतलं होतं.

२८० रुपये म्हणजे त्या काळच्या साध्या कारकुनाचा काही महिन्यांचा पगार. कमलाताईंचं वय तेव्हा जेमतेम पंचविशीचं. त्या मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था पाहत आणि तिथेच बॉम्बही लपवत. अशा बाईने एवढी रक्कम उभी करून जे घेतलं, ती कुठल्याही पाश्चात्त्य शहरातल्या दुकानात मांडलेली एक साधी वस्तू होती. किंमत लोखंडाची नव्हतीच, कायद्याची होती. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्यामुळे एकाच शहरात एकाच पिस्तुलाला दोन भाव आले. एक डलहौसी चौकाच्या आसपासच्या साहेबी दुकानांतला, दुसरा गल्लीतला. दुसऱ्या भावात तुरुंगाची जोखीम धरलेली असे.

हा न्याय अजून संपलेला नाही. १९८६ नंतर सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी पिस्तुलांची आयात बंद झाली, तेव्हापासून आजोबांच्या कपाटातलं जुनं .३२ वेब्ली आपल्याकडे लाखांत जातं. विलायतेत अशाच वस्तूला कधीकाळी किरकोळ म्हणत असत. कोलकात्याच्या उत्तरेला, इथून तासाभराच्या लोकल प्रवासावर, ईशापूरचा सरकारी रायफल कारखाना आहे. तिथली देशी पिस्तुलं नवी, कारखान्याच्या हमीची. तरीही ज्याला विचारावं तो हळहळतो ते जुन्या विलायती मालासाठीच. जे पुन्हा येणार नाही त्याचा भाव चढतो, मग ते कसं का चालेना.

आता कोलकात्याहून जरा नाशिकला जाऊ. मराठी वाचकाला या बाजाराची पहिली ओळख तिथे होते. १९०९च्या फेब्रुवारीत सावरकरांनी पॅरिसहून आणवलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं लंडनहून मुंबईला धाडली. इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मायदेशी निघाला होता. त्याच्या पेटीला दुहेरी तळ करून त्यात ती बसवली. ब्राउनिंग हे त्या काळचं मध्यमवर्गीय पिस्तूल. बेल्जियमच्या एर्स्ताल इथल्या कारखान्यात त्याच्या लाखो प्रती निघाल्या. चपटं, खिशात मावणारं, सात गोळ्यांचं. ते घरफोडीला भिणाऱ्या दुकानदारासाठी बनवलं होतं, पण इतिहासात शिरलं भलत्याच वाटेने. १९०४ साली हेलसिंकीत रशियाच्या गव्हर्नर-जनरलवर तेच चाललं. १९०९च्या २६ ऑक्टोबरला हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानच्या इतो हिरोबुमींवर तेच रोखलं. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने ब्राउनिंग झाडलं. (संस्कृत जाणणारा, लोकांत 'पंडित' म्हणवला जाणारा हा जॅक्सन क्रूर अधिकाऱ्याच्या साच्यात नीट बसत नाही. तो बसावा म्हणून मराठी लेखक त्याला बराच ठोकतात.)

पिस्तूल चाललं. पण त्याचा माग लंडनपर्यंत गेला आणि त्या वीस पिस्तुलांवरून सावरकरांवर खटला उभा राहिला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. एकाच गठ्ठ्यातून आलेल्या हत्यारांत ही खोट असते. एक सापडलं की बाकीची बोलू लागतात.

बंगालची एक सोय महाराष्ट्राला नव्हती. हुगळीकाठी चंद्रनगर हा फ्रेंचांचा तुकडा होता. इंग्रजांचा शस्त्र कायदा तिथल्या घाटाच्या पायऱ्यांवर थांबे. सायकली आणि बंदुका एकाच सूचिपत्रातून विकणारी सेंत-एतिएनची फ्रेंच कंपनी तिथे पार्सलं पाठवी. पुढे तिथले महापौर तार्दिव्हेल यांनी या आयातीला आळा घातला, तेव्हा ११ एप्रिल १९०८ला त्यांच्याच घरात बॉम्ब फेकला गेला. हत्यारांच्या व्यापारात पुरवठा तोडणाऱ्यावर राग निघतो, हे तेव्हाही खरं होतं. याशिवाय खिदिरपूरच्या गोदीत उतरणारे खलाशी होतेच. कुणाच्या बुटात, कुणाच्या वळकटीत एखादं पिस्तूल येई. अशा मालाचं मूळ कोण विचारणार? घेणाऱ्याला ते उडवून बघायची मुभा नसे. कोलकात्याच्या दाट वस्तीत एक गोळी झाडली तर अख्खी गल्ली खिडकीत येते. आणि काडतुसं पाच-सहाच मिळालेली असत. त्यातलं एक चाचणीला खर्च करायचं म्हणजे जीव कासावीस. म्हणजे विकत घेतलेली वस्तू चालते की नाही हे कळण्याचा क्षण आणि तिच्यावर सगळं अवलंबून असण्याचा क्षण एकच.

माझ्या मते २६ ऑगस्ट १९१४च्या रॉडा प्रकरणाचं खरं महत्त्व इथे आहे. ती चोरी धाडसी म्हणून गाजली, आणि होतीही. रॉडा आणि कंपनी हे कोलकात्याचे नामांकित बंदूकविक्रेते. कस्टम हाऊसमधून माल सोडवून आणायचं काम श्रीशचंद्र मित्र या कारकुनाकडे. मित्रमंडळींत तो हाबू. त्या दिवशी त्याने २०२ पेट्या सोडवल्या. सात बैलगाड्या होत्या. सातव्या गाडीवर हिंदुस्तानी गाडीवानाच्या वेषात हरिदास दत्त बसला होता. १९२ पेट्या व्हॅन्सिटार्ट रोच्या गुदामात पोचल्या. उरलेल्या आणतो म्हणून हाबू गेला तो गेलाच. सातवी गाडी तोवर मलंगा लेनकडे वळली होती. भर दुपारी, भर डलहौसीत, एक गोळी न झाडता. आज गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यूवर या प्रकरणातल्या मंडळींचे अर्धपुतळे आहेत. समोरून बस जाते आणि कुणी मान वळवत नाही.

त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं होती. ही काही खिशातली वस्तू नव्हे. वजन किलोभराहून जास्त, दहा गोळ्या, आणि लाकडी म्यान मुठीला जोडलं की खांद्याला लावून रायफलीसारखं चालवता येई. पण माझं लक्ष दुसऱ्या आकड्यावर जातं. पिस्तुलांबरोबर काडतुसं होती ४६,०००. भागाकार केला तर दर पिस्तुलामागे ९२० येतात. पाच-सहा गोळ्या उराशी धरून बसलेल्या पोरांना पहिल्यांदाच नेम धरायला शिकता येईल एवढा दारूगोळा मिळाला. शिवाय माल कारखान्यातून कोरा आलेला, अनेक हातांतून झिजून आलेला नव्हे. रौलट समितीच्या अहवालात याचा हिशेब आहे. ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच नऊ गटांत वाटली गेली आणि पुढच्या ५४ गुन्ह्यांत ती वापरली गेली. शत्रूने दिलेलं हे प्रशस्तिपत्र म्हणायला हरकत नाही. ९ सप्टेंबर १९१५ला बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांच्या चार साथीदारांनी पोलिसांच्या रायफलींसमोर तासाहून अधिक वेळ तग धरला, तो याच माउझरांवर.

पण रॉडाच्या दप्तरात प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला होता. साध्या चोरीच्या मालाला फिरता भाव असतो. या मालाला तो असू शकत नव्हता. ज्याच्याकडे सापडेल त्याला तो क्रमांक थेट २६ ऑगस्टला नेऊन बांधणार. त्यामुळे इतकं उत्तम हत्यार, पण बाजारात त्याची पत शून्य. ते फक्त विश्वासावर एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकत होतं. समितीने अहवाल लिहिला तोवर ३१ पिस्तुलं सरकारच्या हाती परत आली होती.

चितगावचा धडा याच्या नेमका उलटा. १८ एप्रिल १९३०च्या रात्री सूर्य सेन यांच्या माणसांनी शस्त्रागार घेतलं, रायफली आणि लुईस गन हाती लागल्या, पण काडतुसं सापडली नाहीत. त्या मशीनगनपेक्षा खिशातलं पिस्तूल मोलाचं ठरलं. त्याच्यात निदान गोळ्या होत्या.

मग १९३१चा २२ जुलै, पुणे. फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात मुंबईचे हंगामी गव्हर्नर हॉटसन आले होते. विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे याने अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. एक गोळी हॉटसनच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली. पुण्यात ही गोष्ट अजून दैवाच्या खात्यावर मांडतात. मला वाटतं दैवाबरोबर थोडं त्या हत्याराच्या खात्यावरही मांडावं. एवढ्या अंतरावरून सुटलेली गोळी बटणाने थांबते, यात बटणापेक्षा गोळीची कहाणी जास्त आहे. गोगट्यांना आठ वर्षांची सजा झाली. पुढे ते वकील झाले, पुण्याचे महापौर झाले आणि जन्मभर 'हॉटसन गोगटे'च राहिले. न चाललेल्या गोळीने माणसाला नाव दिलं आणि आयुष्यही ठेवलं. कान्हेरेच्या चाललेल्या गोळीने तसं केलं नाही.

साडेसहा महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९३२ला, कोलकात्याचा सिनेट हॉल. गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन भाषणाला उभे. हे जॅक्सन नाशिकच्या जॅक्सनचे कुणी नव्हेत. हे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार. वीस वर्षांची बीना दास पदवी घ्यायला आली होती, गाऊनच्या आत ते २८० रुपयांचं रिव्हॉल्व्हर. तिने पाच गोळ्या झाडल्या. जॅक्सन वाचले. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी धावत जाऊन तिला धरलं. रिव्हॉल्व्हर दगा देणारं होतं, की हाताला सराव नव्हता? मला हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत. ज्या बाजारात गोळी मोजून मिळते तिथे सराव ही श्रीमंती असते. आणि लोक तिच्या धैर्यावर लिहितात तेव्हा मला वाटतं, त्या धैर्यात एक भाग हाही होता की हातातल्या वस्तूवर तिला भरवसा ठेवायला कुठलंच कारण नव्हतं.

तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. जी पदवी घ्यायला ती त्या दिवशी गेली होती, ती कोलकाता विद्यापीठाने २०१२ साली मरणोत्तर दिली. रिव्हॉल्व्हर कुणी आणून दिलं हे पोलिसांनी तिच्याकडून काढायचा प्रयत्न केला, तिच्या वडिलांनाही मध्ये घातलं. तिने नाव सांगितलं नाही. कमलाताईंना पकडलं, पण त्या रिव्हॉल्व्हरशी त्यांचा संबंध कोर्टात जोडता आला नाही.