मिशीचा आकडा

बर्फावरच्या हॉकीत, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या एनएचएलमध्ये, खेळाडूची किंमत करताना हमखास निघणारा एक आकडा आहे. त्याचं नाव कोर्सी. हे मुळात आडनाव. जिम कोर्सी मॉन्ट्रियलचा, स्वतः गोलरक्षक, इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला आणि पुढे बफेलो सेबर्स संघात गोलरक्षकांचा प्रशिक्षक. त्याला एक साधा प्रश्न पडला होता: आपल्या गोलरक्षकाला एका सामन्यात खरे कष्ट किती पडतात? गोलाच्या दिशेने आलेला फटका तर तो अडवतोच. पण बाहेर गेलेल्या आणि वाटेत बचावपटूने झेललेल्या फटक्यासाठीही त्याला सज्ज व्हावं लागतं, अंग चोरून बसावं लागतं. म्हणून कोर्सी हे सगळे फटके मोजायचा.

याच मोजणीविषयी बफेलोचे सरव्यवस्थापक डार्सी रेगीर एकदा रेडिओवर बोलले आणि ते टिम बार्न्स नावाच्या एका हॉकीवेड्याने ऐकलं. त्याने आपल्या संघाचे असे एकूण फटके वजा समोरच्याचे असा हिशेब मांडला. आता नाव काय द्यायचं? रेगीरचं नाव कानाला बरं वाटेना. प्रशिक्षक लिंडी रफ यांचं आडनाव इंग्रजीत भलताच अर्थ घेऊन येतं, तेही बाद. मग बफेलोच्या मंडळींच्या छायाचित्रांत त्याला कोर्सी दिसला. झुपकेदार मिशी दिसली. ठरलं! बॉब मॅकेन्झी या पत्रकाराने २०१४ साली आपल्या पुस्तकात ही हकिकत उघड केली, तोवर लोक समजत होते की शोधकाच्या सन्मानार्थ नाव पडलं.

आपल्याकडे मिशीला आकडा असतो. तिकडे आकड्याला मिशी मिळाली. 'आकडेबाज मिशा' म्हणताना आपल्याला हिशेब आठवत नाही, वर वळलेली टोकं दिसतात. आणि तोच अर्थ जुना आहे. संस्कृतातला 'अङ्क' आधी वाकलेला: आकडी, वाक. वाकलेल्या शरीराची मांडी म्हणूनही अंक. मग कोरलेली खूण, आणि खुणेवरून संख्या. लॅटिनमधला हुकवाचक 'उंकस' आणि गळ या अर्थाचा इंग्रजीतला जुना 'अँगल' हे याचेच लांबचे भाऊबंद. संख्येचा अर्थ आला म्हणून मराठीने वाक सोडला नाही. विंचवाच्या नांगीला आकडा आहे, आंबे उतरवायला आकडी आहे, खांबावरच्या तारेवर आकडा टाकून दिवे लावणारे आहेत. मटक्याचा आकडा लावणाऱ्यांनी तर संख्या आणि गळ हे दोन्ही अर्थ एकाच वेळी वापरले. फक्त गळाला कोण लागलं ते त्यांना उशिरा कळलं.

गंमत म्हणजे 'हॉकी' हा शब्दही बहुधा वाकड्याच कुळातला. त्याची व्युत्पत्ती पक्की झालेली नाही, पण जुन्या फ्रेंचमधल्या 'होके'कडे, म्हणजे मेंढपाळाच्या टोकाला वळलेल्या काठीकडे, पुष्कळजण बोट दाखवतात. तसं असेल तर हॉकी आणि आकडा दोघेही अर्थाने एकमेकांचे शेजारी.

कोर्सीपाठोपाठ असे आकडे उगवत गेले. फेनविक हे कॅल्गरीच्या एका चाहत्याचं आडनाव. त्याने बचावपटूंनी वाटेत अडवलेले फटके वगळले. 'पीडीओ' ही तीन अक्षरं कशाचंच संक्षिप्त रूप नाहीत. ते ब्रायन किंग या गृहस्थांचं इंटरनेटवरचं टोपणनाव. संघाच्या गोलावर आलेल्या फटक्यांपैकी गोल किती टक्के झाले आणि समोरच्यांचे किती टक्के अडवले, या दोन टक्केवाऱ्यांची ही बेरीज. गोलावर आलेला प्रत्येक फटका एकतर गोल होतो नाहीतर अडतो, म्हणून साऱ्या लीगची सरासरी बरोबर शंभरावर येते. कोणी शंभराच्या फार वर गेला, की नशीब साथ देतंय असं समजायचं. २०१५ साली एनएचएलने हे आकडे अधिकृतपणे आपल्या संकेतस्थळावर घेतले, तेव्हा मिशीवाली नावं बहुधा शोभेनात. कोर्सीचं 'एसएटी' केलं, फेनविकचं 'यूएसएटी'. लोक कोर्सीच म्हणत राहिले.

या आकड्यांनी नेमकं काय बदललं हे सांगायला मला आपल्या व्याकरणातली एक जोडी फार सोयीची वाटते. संस्कृत वैयाकरण धातूच्या अर्थाचे दोन भाग करतात: फल आणि व्यापार. 'शिजवतो' म्हटलं की चूल पेटवणं, भांडं चढवणं, जाळ सारणं हा सगळा व्यापार; तांदूळ मऊ होणं हे फल. हॉकीत पूर्वी फल मोजत. खेळाडू बर्फावर असताना आपले गोल किती झाले, समोरच्यांचे किती, हा 'अधिक-उणे'चा हिशेब मॉन्ट्रियलवाले १९५०च्या दशकात ठेवायचे आणि लीगने तो १९६७-६८पासून अधिकृत केला. पण एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून गोल पाच-सहा. तेवढ्यावरून माणसाची पारख करणं म्हणजे चिठ्ठ्या टाकण्यासारखंच. फटक्यांचे प्रयत्न मात्र शंभराच्या वर. कोर्सीने फल सोडून व्यापार मोजायला घेतला आणि अंदाज लक्षणीय सुधारले. २०१३-१४च्या हंगामात कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच ११२ गुण मिळवून आपल्या विभागात पहिला आला. फटक्यांच्या हिशेबात तो मागे होता आणि पीडीओ फुगलेला होता. आकडेवाले म्हणाले, हे टिकायचं नाही. प्रशिक्षक पॅट्रिक रॉय यांना वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला, आणि पुढच्या वर्षी संघ बादफेरीतही पोचला नाही.

'व्यापार' या शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. आधी नुसती हालचाल, मग नेहमीचं काम, मग धंदा, शेवटी खरेदी-विक्री. इंग्रजीतला 'ट्रेड' अगदी याच पायऱ्या उतरला. चौदाव्या शतकाच्या सुमारास उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता वाट, माग, जहाजाचा मार्ग. पाऊल टाकणे या अर्थाचा 'ट्रेड' (tread) हा धातू त्याचा सख्खा नातलग. ठरलेली वाट, मग ठरलेला उद्योग, मग देवघेव. 'ट्रेड विंड्स'मध्ये जुना अर्थ शिल्लक आहे: एकाच वाटेने सतत वाहणारे वारे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी त्यांना 'व्यापारी वारे' करून टाकलं आणि पिढ्यान् पिढ्या मुलं समजत राहिली की शिडाच्या जहाजांतून माल नेणाऱ्यांच्या सोयीचे म्हणून ते व्यापारी.

हॉकीतल्या ट्रेडला मात्र व्यापार म्हणवत नाही. तिथे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू जातो, शिवाय उद्याच्या नवख्यांना निवडायचे हक्क जातात. कधी 'पुढे बघू' एवढ्याच बोलीवर माणूस जातो. त्यांच्या भाषेत त्याला 'फ्यूचर कन्सिडरेशन्स' असं भारदस्त नाव आहे. क्रिस ड्रेपर १९९३ साली विनिपेगहून डेट्रॉइटला गेला तो एका डॉलरला. त्या एक डॉलरच्या माणसाने डेट्रॉइटसाठी चार वेळा स्टॅनले चषक उचलला. १९८३मध्ये सिअ‍ॅटल ब्रेकर्स या कुमारांच्या संघाने टॉम मार्टिन नावाच्या खेळाडूचे हक्क व्हिक्टोरिया संघाला दिले आणि बदल्यात त्यांची बस घेतली. मार्टिनला मग 'बसी' हे नाव चिकटलं.

याला आपल्याकडे शब्द आहे: साटं. मुलगी देऊन मुलगी करायची ते साटंलोटं. साटं आणि बाजारातला सट्टा एकाच घरचे. गुजरातीत आजही 'च्या बदल्यात' म्हणायला 'साटे' म्हणतात, आणि आपल्या 'साठी'चं नातंही याच साट्याशी असावं असं मला वाटतं. साट्यालोट्याची खुबी अशी की दोन्ही घरांनी दोन माणसं समसमान आहेत असं चारचौघांत कबूल करायचं. मनातून कोणीच कबूल करत नाही. म्हणून राजकारणात 'त्यांचं साटंलोटं आहे' म्हटलं की त्याला वास येतो.

अशी दोन साटी २९ जून २०१६ या एकाच दिवशी झाली. एडमंटनने टेलर हॉल देऊन न्यू जर्सीकडून अ‍ॅडम लार्सन घेतला. एकास एक. आघाडीचा फटकेबाज गेला आणि बेताचं नाव असलेला बचावपटू आला. आकडेवाल्यांनी कपाळाला हात लावला. ते चुकले का? पुढच्या हंगामात लार्सनसह एडमंटन २००६नंतर पहिल्यांदा बादफेरीत गेला आणि न्यू जर्सी पूर्व गटात तळाला. त्याच्या पुढच्या हंगामात हॉलने न्यू जर्सीला वर ओढलं आणि २०१८चा हार्ट करंडक, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान, पटकावला. एडमंटनला बचावपटू हवा होता हे खरं, आणि त्यासाठी फार मोजलं हेही खरं. त्यात कॉनर मॅकडेव्हिड नावाचं एक पोरगं एडमंटनमध्ये लार्सन आला त्याच वर्षी पहिल्यांदा पूर्ण हंगाम खेळलं, हे हिशेबात कुठे लिहायचं?

दुसरं साटं जास्त गाजलं. मॉन्ट्रियलने पी. के. सुबन दिला आणि नॅशव्हिलकडून त्यांचा कर्णधार शे वेबर घेतला. सुबन २७ वर्षांचा, २०१३चा सर्वोत्तम बचावपटू, शहराचा लाडका. आदल्याच वर्षी त्याने तिथल्या मुलांच्या रुग्णालयाला एक कोटी डॉलर उभारून देण्याचा शब्द दिला होता. आपल्या संमतीशिवाय हलवता येणार नाही हे त्याच्या करारातलं कलम १ जुलैपासून लागू व्हायचं होतं. दोन दिवस आधी त्याला हलवलं. वेबर तिशीचा, करार २०२६पर्यंतचा, फटका ताशी १७० किलोमीटरच्या पुढचा. आकड्यांचं माप सुबनच्या बाजूने स्पष्ट झुकलेलं होतं. मॉन्ट्रियलच्या स्वतःच्या आकडेतज्ज्ञाने या व्यवहाराला कडाडून विरोध केला आणि पुढे त्याचा करार वाढवला गेला नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या.

इथे आकड्याचा वाक कुठवर पोचतो ते दिसतं. कोर्सीला वेबरचा गोलाच्या कोपऱ्यावर गेलेला तडाखा आणि कोणाचा तरी साठ फुटांवरून भिरकावलेला फटका सारखेच. त्यासाठी पुढे जागा आणि प्रकार बघून फटक्याचं वजन ठरवणारी मापं आली, ती नक्कीच बरी आहेत. पण बर्फावर एका बाजूचे पाच जण एकदम असतात. नॅशव्हिलला वेबरचा जोडीदार होता रोमन योसी. वेबर योसीला सांभाळत होता की योसी वेबरला? दोघं एकत्र असताना पडलेले फटके वाटून कसे घ्यायचे? वेबर गेल्यावर योसी फुलतच गेला आणि २०२०मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला, तेव्हा कुठे त्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मिळालं. बेसबॉलमध्ये एक फेकतो, एक मारतो. तिथे माणूस सुटा करता येतो. हॉकीत तो चार जणांतून सोलून काढावा लागतो, आणि सोलताना काहीतरी मागे राहतं. शिवाय आकडा झालेल्या गोष्टींचा असतो, साटं पुढच्या वर्षांचं. सुबनसह नॅशव्हिल २०१७मध्ये अंतिम फेरीत गेला आणि हरला. वेबरच्या कप्तानीखाली मॉन्ट्रियल २०२१मध्ये अंतिम फेरीत गेला आणि हरला. सुबन ३३व्या वर्षी निवृत्त झाला. वेबरचं शरीर त्या अंतिम फेरीनंतर उभंच राहिलं नाही.

'संख्या' शब्दात 'ख्या' आहे, म्हणजे सांगणं. आख्यान, व्याख्या, ख्याती ही तिचीच भावंडं. मॉन्ट्रियलमध्ये दोन बाजू भांडल्या त्या संख्या विरुद्ध 'मुरलेली नजर' अशा नावाने. पण ड्रेसिंगरूममध्ये कर्णधार हवा हे जितकं आख्यान, तितकंच सुबनचे फटके म्हणजे सुबनच हेही आख्यानच होतं. माझं मत विचाराल तर त्या दिवशी सुबनला देणं चूक होतं, आणि ती चूक आहे हे सांगणारे आकडेही अर्धंच सांगत होते.

पुढचा भाग मात्र निखळ आकड्याचा आहे. एनएचएलमध्ये २००५-०६पासून संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे, आणि न खेळणाऱ्या जखमी खेळाडूचा करार त्या मर्यादेच्या हिशेबात काही संघांना उपयोगी पडतो. म्हणून २०२२मध्ये वेबरचं व्हेगसबरोबर पुन्हा साटं झालं, २०२३मध्ये व्हेगसने त्याला अ‍ॅरिझोनाला दिलं. दोन्हीकडे तो एक मिनिटही खेळला नाही. माणूस घरी होता, आकडा गावोगाव फिरत होता.

आयपीएलमुळे 'ट्रेड' आता मराठी क्रीडापानांवरही रोजचा झाला आहे. हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३मध्ये गुजरातहून मुंबईत आला तो रोख पैशांवर, म्हणून त्याला सौदा म्हणावं. माणसाच्या बदल्यात माणूस गेला तर साटं म्हणावं. व्यापार हा शब्द दोन्हींसाठी वापरू नये, एवढं क्रीडापानं लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.