एकटीने नाही, मिळून

साखरेचं दुखणं निघालं की डॉक्टर सांगतात, गोड कमी करा, रोज चाला. आपण चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी बसतो. असं का होतं, ते आज एका जुन्या गोष्टीतून पाहू.

साल १९६१. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात जीन निडेच नावाची गृहिणी होती. वजन सुमारे ९७ किलो. शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात तिला काय खावं, काय टाळावं ते सांगितलं. वजन उतरू लागलं, पण लपवून बिस्किटं खाणं सुटेना. दवाखान्यात ते कबूल करायची लाज वाटे. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि खरं सांगून टाकलं. मग त्यांनीही आपापलं चोरटं खाणं सांगितलं! त्या दर आठवड्याला जमू लागल्या. वर्षभरात जीन ६५ किलोच्या आसपास आली. पुढे १९६३ मध्ये यातूनच 'वेट वॉचर्स' ही कंपनी निघाली.

पथ्य तेच होतं. टिकलं ते मैत्रिणींमुळे.

आपल्याला हे नवं नाही. जात्यावर दोघी बसल्या की दळण हलकं व्हायचं. मंगळागौरीची फुगडी एकटीने कुणी खेळलं का?

आमच्या बचत गटात आता हप्ता भरला की प्रत्येकजण सांगते, किती दिवस चालले, काय लपवून खाल्लं. हसतो, पण कुणी कुणाला रागवत नाही. जी आली नाही, तिच्या दारात दोघी हाक मारायला जातात. येत्या बैठकीत तुम्हीही विचारून बघा.