घोडनदीच्या जुन्या गावात एक दिवस

आपण वारकरी माणसे पुष्कळ गावांतून जातो, पण गाव पाहतो थोडे. विसावा, मुक्काम, कीर्तन, की पहाटे पुन्हा चाल. कीर्तनकाराचे तर त्याहून वाईट. एस.टी.तून उतरायचे, यजमानाच्या घरी जेवायचे, मंडपात दोन तास उभे राहायचे आणि सकाळच्या गाडीने पुढचा सप्ताह गाठायचा. पंचेचाळीस वर्षे मी असाच हिंडलो. आता आवाज बसला, गुडघेही बसले, तेव्हा काही गावे नीट पाहावीत असे ठरवले. त्यात पहिले नाव घातले घोडनदीचे. ते का, हे आधी सांगतो, कारण त्यात माझी एक चूक आहे.

घोडनदी म्हणजे पुणे जिल्ह्यातले शिरूर. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे बरीच. बीडकडे शिरूर कासार, लातूरकडे शिरूर अनंतपाळ. म्हणून आमच्या पिढीची माणसे नदीच्या नावानेच या गावाला हाक मारतात. पुण्याहून नगर रस्त्याने ६५-७० किलोमीटर गेले की हे गाव लागते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि नगरची हद्द सुरू होते.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी या गावात एका सप्ताहात माझे कीर्तन होते. निरूपणात निळोबारायांचे चरित्र आले. तुम्हाला ते ठाऊक आहेच. तुकोबाराय १६५० साली वैकुंठाला गेले; निळोबारायांना त्यांची प्रत्यक्ष भेट घडली नाही. तरी गुरू करीन तर तुकोबांनाच, असा त्यांनी हट्ट धरला आणि अन्नपाणी सोडून बसले. परंपरा सांगते की साक्षात पांडुरंग समोर येऊन उभा राहिला, तेव्हा निळोबाराय म्हणाले, मी बोलावले तुकोबांना, तुम्ही कसे आलात? अशी ती एकनिष्ठा. मी त्या प्रसंगात रंगलो होतो. आणि त्या भरात, दुपारी यजमानांकडे ऐकलेली एक गोष्ट ओढून आणली. या गावची माणसे पूर्वी एका इंग्रज साहेबाच्या थडग्याला सुगीचे दाणे वाहत असत. मग काय विचारता! निळोबारायांनी देव परत पाठवला आणि तुम्ही साहेब पूजता, असे म्हणून मी तोंडसुख घेतले. मंडप हसला. टाळकरीही हसले. मला वाटले, कीर्तन वठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडकडे निघालो होतो. बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका म्हातारीने हाक मारली. गळ्यात तुळशीची माळ होती. तिने आधी पाया पडून घेतले आणि मग म्हणाली, “महाराज, माझी सासू पहिल्या बाजरीची मूठ तिथं ठिवायची. मी काई ठिवत न्हाई. पण एक सांगू का? निळोबारायांनी देवाला माघारी लावलं, पण त्येला हसून न्हाई लावलं.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. गाडी लागली होती, ते निमित्त झाले. तिचे नाव विचारायचेही राहिले.

म्हणून परवा शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मुद्दाम गेलो. तुम्हीही जाल तर सकाळी लवकर जा आणि आधी नदीवर जा. बंधाऱ्याने अडवलेले पाणी संथ असते. पलीकडच्या काठापासून नगर जिल्ह्याची शेते सुरू होतात आणि त्याच बाजूला, पारनेर तालुक्यात, निळोबारायांचे पिंपळनेर आहे. समाधी तिथे आहे, आषाढीला पालखीही तिथूनच निघते. पण त्यांच्या आयुष्यातला एक निर्णायक प्रसंग सांप्रदायिक चरित्रे सांगतात तो नदीच्या या काठाला जोडलेला आहे. मकाशीर घराणे कुलकर्णपणाचे. गावचा हिशेब, वसुलाचे दप्तर त्यांच्या हाती. निळोबाराय पूजेला बसलेले असताना सरकारी अधिकाऱ्याचे बोलावणे आले. ते पूजा सोडून उठले नाहीत. अधिकारी संतापला. तेव्हा या मनुष्याने एक विचार केला, की दोन धन्यांची चाकरी एका देहाने होणार नाही, आणि दप्तर परत करून टाकले.

वाचकहो, आज हे ऐकायला सोपे वाटते. त्या काळी कुलकर्णपण म्हणजे वंशपरंपरेचे वतन होते. पाटील आणि कुलकर्णी यांच्यावाचून गावचे पान हलत नसे. कोणाच्या नावावर किती बिघे, कोणाचा सारा किती थकला, हे त्या एका लेखणीवर चाले. ती लेखणी खाली ठेवणे म्हणजे पोटाची आणि मानाची दोन्ही सोय एका दिवसात सोडणे. गावाबाहेर रामलिंगाचे देऊळ आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. तिथे बसून हा प्रसंग मनाशी आणा, म्हणजे त्या त्यागाचे वजन कळेल.

नदीवरून गावात शिरलात की राम आळी, सुभाष चौक, हलवाई चौक असे फिरत फिरत बाजारात पोचता. जुन्या घरांचे लाकडी खांब अजून कुठे कुठे उभे आहेत, मधूनच सिमेंटची इमारत. बाजार शनिवारचा, तो जुना आहे. एके काळी इथे गुरे आणि घोडी मोठ्या संख्येने विकली जात. धान्याच्या ओळीत मी उभा राहिलो. बाजरी, हुलगा, मटकी यांचे ढीग, मापे, भावाची घासाघीस. एका बाजूला कामाठीपुरा नावाची वस्ती आहे. कामाठी म्हणजे तंबू ठोकणारी, ओझी वाहणारी, फौजेबरोबर फिरणारी कष्टकरी माणसे. वस्तीच्या नावातच छावणीची खूण राहिली आहे.

त्या छावणीचा इतिहास थोडक्यात असा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. इंग्रजांची तैनाती फौज पेशव्याने पोसायची आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असे ठरले. पैसा आपला आणि हुकूम कंपनीचा. ती फौज या नदीकाठी येऊन राहिली. पुढे १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर घोडदळ उभे राहिले. आजच्या भारतीय सेनेतल्या पूना हॉर्स या पलटणीचे मूळ त्यात आहे. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन सुमारे आठशे माणसे घेऊन इथूनच पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठी कोरेगावात लढाई झाली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या महार शिपायांची नावे आहेत. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना जागा नव्हती, त्यांची ती नावे. चोखोबांचे अभंग गाणाऱ्यांनी तिथे एकदा थांबून ती वाचावीत.

छावणी गेली, मागे तिची दफनभूमी राहिली. तिथे कर्नल वॉलेस याचे थडगे आहे. हा १८०३ च्या असईच्या लढाईत होता आणि १८०९ साली वारला. मला इंग्रजी येत नाही. एका निवृत्त शिक्षकाने पुणे जिल्ह्याच्या १८८५ सालच्या सरकारी गॅझेटियरातला मजकूर मला वाचून त्याचा अर्थ सांगितला. या साहेबाला घोडनदीचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणत. गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले बहुतेक लोक त्याच्या थडग्याला भजत आणि सुगीला पहिले धान्य नैवेद्य म्हणून आणून ठेवत. साहेब वारून तेव्हा पाऊणशे वर्षे झाली होती. ज्यांनी त्याला पाहिले असेल असे कोणी उरले नसणार. तरी मूठ येत होती. म्हातारीची सासू काही वेगळे करत नव्हती. तिच्या सासूने जे केले तेच ती करत होती.

मी तिथे बराच वेळ बसलो. मनात दोन गोष्टी भांडत होत्या. हा परका माणूस. आपल्याच पैशावर पोसलेल्या परक्या फौजेचा अंमलदार. त्याला नैवेद्य? संतांनी तर जागोजाग बजावले आहे, की दिसेल त्या दगडापुढे डोके टेकू नका, एका विठ्ठलाला धरा. ते मला आजही मान्य आहे आणि त्यात एका अक्षराचा फरक करण्याचा मला अधिकार नाही.

पण मग हेही पाहा. या छावणीत अधिकारी काय एकच येऊन गेला? कितीतरी आले, कितीतरी इथल्याच मातीत पुरले गेले. मूठ मिळाली ती एकाला. त्याच्या हुद्द्याला ती मिळाली असती तर इतरांनाही मिळाली असती. कुणब्याच्या घरात पहिले दाणे फार मोलाचे असतात, वाचकहो. ते भीतीने द्यायचे तर जिवंत साहेबाला देतात. मेलेल्याची भीती पाऊणशे वर्षे टिकत नाही. लोकांनी त्याच्या अंगी काहीतरी चांगुलपण पाहिले, एवढे मला दिसते. त्यांच्याजवळ चांगुलपणाला एकच शब्द होता, तो संतांनी शिकवलेला. त्यांनी तो परक्यालाही लावला. शब्द लावताना ते चुकले असतील. पण ज्या घराने पदराची मूठ सोडली, ते घर हसण्याजोगे खास नव्हते.

आणि मी काय केले होते? निळोबारायांनी कुलकर्णपण सोडले, त्यात अधिकाराचा गर्व सोडला. मी त्यांचेच चरित्र सांगताना व्यासपीठाचा अधिकार हातात घेतला आणि समोर बसलेल्या माणसांच्या आज्यांना हसलो. नारदाच्या गादीवर उभा राहून माणसे हसवणे सोपे असते. समोरचा श्रोता उलट बोलू शकत नाही, हे त्याचे कारण. त्या म्हातारीने बोलायला सकाळपर्यंत वाट पाहिली आणि आधी पाया पडली. निळोबारायांची गोष्ट मला पाठ होती. तिला ती कळली होती.

मी थडग्यावर दाणे वाहिले नाहीत. गळ्यातली माळ मला ती मोकळीक देत नाही. बाजारातून पिशवीभर बाजरी घेतली होती, ती वाटेत एका भुकेल्या घरी दिली. परत येताना मेथीच्या जुड्यांची ती जागा शोधली. तिथे आता एक तरुण पोर मोबाइलची कव्हरे विकतो. त्या जागेला मी हात जोडले. पोराला वाटले त्यालाच केले, त्यानेही केले. बरे झाले.

तुम्हाला संध्याकाळ मोकळी असेल तर तिथेच थांबू नका. न्हावऱ्यावरून दौंड तालुक्यात उतरा. चौफुल्याला यवत आणि वरवंड यांच्यामधला रस्ता ओलांडावा लागतो. ती तुकोबांच्या पालखीची वाट. निळोबांच्या गावाकडून आलेला माणूस इथे तुकोबांच्या वाटेवर पाय ठेवतो. मी गाडीतूनच नमस्कार केला. पुढे दौंड. या गावाचे नशीब रेल्वेने काढले. १८५८ साली पुण्याकडून सोलापूरकडे जाणारी गाडी इथे आली आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. मग नगरकडचा माल आणि माणसे रुळांवरून जाऊ लागली. बैलगाड्या आणि टांग्यांचा नगर रस्ता काहीसा ओसरला, घोडनदीच्या बाजाराची जुनी ऐट उतरली. बाजाराची ऐट अशीच असते, वाट बदलली की तीही बदलते.

दौंडला मी सूर्य मावळताना भीमेवर गेलो. घोडनदी आणि भीमा, दोघी सह्याद्रीतून निघतात आणि दौंडच्या वरच्या अंगाला एक होतात. सकाळी निळोबारायांच्या काठावर ज्या पाण्यात हात बुडवला, तेच पाणी इथे भीमा झालेले असते. पुढे सिद्धटेक, उजनी करत ते पंढरीला जाते आणि तिथे आपण त्याला चंद्रभागा म्हणून कपाळाला लावतो. त्या पाण्यात रामलिंगाच्या ओढ्याचे पाणी आहे, छावणीच्या घोड्यांनी प्यालेल्या नदीचे आहे, कामाठीपुऱ्यातले आहे. चंद्रभागेने त्यातले कोणतेही निवडून वेगळे ठेवलेले नाही.

पुढच्या आषाढीला तुम्ही वाळवंटात उतराल, तेव्हा घोडनदीच्या त्या माउलीच्या नावाने एक ओंजळ सोडा. नाव मी विचारले नाही, ती चूक आता सुधारत नाही. पांडुरंगाला ते ठाऊक आहे.

रामकृष्णहरी.