तंबोऱ्याची जवारी आणि विजेचा झंकार

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी १९११ सालीं निजामी मुलखांतील येडशीवरून थेट लातुरास जाऊं लागली आणि १९२७ सालीं त्याच रुळांचें दुसरें टोंक पंढरपुराहून मिरजेस जाऊन भिडलें. बालाघाटाच्या रानांतील त्या लहानशा स्टेशनावरून तंबोऱ्यासाठीं मिरज गांठणें तेव्हांपासून सोपें झालें. मिरजच कां, याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें: जवारी.

तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे नुसता टणत्कार होत नाहीं. भुंग्याच्या गुंजारवासारखा झंकार उठतो आणि खर्जाच्या तारेंतून, कोणी न लावलेला गंधारही ऐकूं येतो. याचें रहस्य मुख्यतः घोडींत आहे. व्हायोलिनची तार घोडीच्या कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद व पाठीवर किंचित् उतरती असते. थरथरणारी तार त्या पाठीस पुनःपुन्हा चाटून जाते. मध्यें सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका जुळवावयाचा. तार जेथें छेडावी तेथें ज्यांचा निश्चल बिंदु येतो ते उपस्वर निघूं नयेत, असा युरोपीय शास्त्राचा नियम होता. तंबोरा व वीणा हा नियम जुमानीत नाहींत, हें चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें.

मिरजेच्या कारागिरांस हें कानानें ठाऊक होतें. त्यांचें घराणें शिकलगारांचें. तलवारींस धार लावणें हा मूळ व्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांचे दिवस सरले असतां, फरीदसाहेबांनीं सतार-तंबोरे घडविण्यास आरंभ केला. पोलादावर फिरलेला हात घोडीवर फिरूं लागला, हा योग मोठा मौजेचा खरा. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येत, आणि अब्दुल करीम खांसाहेबांसारखे (मृत्यु १९३७) चोखंदळ गवई गांवांतच राहात. जवारी काढावयाची ती गाणाऱ्याच्या पट्टीस धरून. कानशीचा एक हात अधिक पडला कीं झंकार फाटतो, एक कमी पडला कीं मुका राहतो. शिवाय तारेच्या घर्षणानें घोडींत चर पडतात व जवारी उतरते. मग ती पुन्हा काढावी लागते. तेव्हां अस्सल नाद म्हणून जो म्हणतात, तोही वरचेवर नव्यानें घडवावा लागतो.

नादाच्या अनुकरणाचा हाच खटाटोप अमेरिकेंतही झाला. १९९१ साली 'निर्वाणा' या वाद्यवृंदाचा 'नेव्हरमाइंड' हा ध्वनिमुद्रित संग्रह निघाला, आणि विजेच्या गिटारीचा तो खरबरीत नाद हुबेहूब काढण्याचें वेड अनेकांस लागलें. कर्ट कोबेन पायाखालीं 'बॉस' कंपनीची 'डीएस-१' ही नारिंगी डबी ठेवीत. ती डबी विद्युल्लहरींचे माथे छाटते, आणि छाटण्यामुळें नवे उपस्वर जन्मतात. घोडी तारेस अडविते, डबी लहरीस; नात्यानें हीं चुलत भावंडेंच. पण डबी विकत घेतली म्हणून तो नाद हातीं आला, असें होत नाहीं. गिटार, ध्वनिवर्धक आणि बोटांचा जोर, तिन्ही बदललेलीं असतात.

तंबोऱ्यासही विजेनें गांठलें. बंगळूरच्या जी. राजनारायण यांनीं १९७९ च्या सुमारास विजेचा तंबोरा सिद्ध केला, आणि आतां तर खऱ्या तंबोऱ्याचा मुद्रित झंकार खिशांतल्या दूरध्वनीवरही वाजतो. एकट्यानें रियाझ करणाऱ्यास त्याचा केवढा आधार! तथापि तो झंकार एकदां मुद्रित झाला तो झालाच. गाणारा थकला, स्वर किंचित् उतरला, तर सूत केसभर सरकविणारें बोट त्यांत नाहीं.

२०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक निर्देशांक मिळाला. नांवाचें रक्षण त्यानें होईल. घोडीवर कानस मात्र अजून कानाच्याच हुकमानें फिरते.