लहान शिकारीची बंदूक व पूरक नळ्या : सातारा व सांगली जिल्हे

ससा, तितर, लावा, होला, पारवा, रानकोंबडा यांसारखे लहान प्राणी व पक्षी टिपण्यासाठी वापरण्यात येणारी गुळगुळीत नळीची व छर्रे उडविणारी बंदूक म्हणजे लहान शिकारीची बंदूक होय. मोठ्या व्यासाच्या अशा बंदुकीत लहान व्यासाचे काडतूस उडविता यावे, म्हणून तिच्या काडतूस-कोठीत बसविण्याच्या धातूच्या नळीला पूरक नळी किंवा ॲडाप्टर असे म्हणतात. दारू व शिसे यांची बचत आणि लहान भक्ष्याची चाळण न होऊ देणे, हे तिचे दोन हेतू. सातारा व सांगली जिल्ह्यांत अशा बंदुकीचा इतिहास शिकारीपेक्षा शेतीची राखण, शस्त्रबंदी व वन्यजीवविषयक कायदे यांच्याशी अधिक निगडित आहे.

या दोन जिल्ह्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या दाट पावसाचा, तर माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ व जत हा पूर्व भाग अवर्षणप्रवण माळरानांचा आहे. पश्चिमेकडील जंगलात रानकोंबडा व रानडुक्कर, पूर्वेकडील माळावर ससा, तितर, लावे व क्वचित काळवीट अशी शिकारीची साधारण विभागणी होती. मात्र माळावरील ससा मुख्यतः बंदुकीने मारला जात नसे. वाघूर लावून, हाका घालून किंवा कुत्री सोडून तो धरीत. फासेपारध्यांचे फास तितर-लाव्यांसाठी प्रसिद्ध होते, तर जत-मुधोळ पट्ट्यातील कारवानी व मुधोळ जातीची सडपातळ कुत्री सशाच्या पाठलागासाठीच जोपासली गेली. या साधनांना दारूगोळा लागत नाही, आवाज होत नाही आणि परवानाही लागत नसे. लहान शिकारीच्या बंदुकीचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड होता कामा नये. कारण एका सशासाठी एक काडतूस खर्च करणे हा सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने नेहमीच तोट्याचा व्यवहार होता.

मराठेशाहीच्या काळात प्रचारात असलेली तोड्याची बंदूक, नंतर आलेली चकमकीची व त्यानंतरची टोपीची बंदूक या सर्व ठासणीच्या बंदुका होत. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू तोंडाकडून ओतून वर चिंधी किंवा काथ्या गजाने ठासावयाचा व त्यावर शिशाचे छर्रे किंवा एकच गोळी घालावयाची, ही तिची रीत. पुन्हा बार भरण्यास वेळ लागत असला, तरी तिच्यात एक सोय होती : भक्ष्य पाहून दारू व छर्रे यांचे प्रमाण कमीजास्त करता येई. लाव्यासाठी चिमूटभर दारू आणि डुकरासाठी भरभक्कम बार एकाच नळीतून निघे. पूरक नळीने पुढे जे साधू पाहिले, ते ठासणीच्या बंदुकीत मुळातच होते.

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हत्यारे जमा करण्याचा व ती बाळगण्यावर निर्बंध घालण्याचा कायदा केला. त्याची झळ प्रथम लागली ती शिकार व पहारा यांवर जगणाऱ्या जमातींना. सांगली-जमखंडी मुलखालगतच्या मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेडरांनी हत्यारे देण्याचे नाकारले, तेव्हा नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांच्यावर सैन्य पाठविण्यात आले, गावाची राखरांगोळी झाली आणि डिसेंबरमध्ये अनेकांना फाशी देण्यात आले. शिकारी जमातीने केवळ आपल्या हत्यारांसाठी दिलेल्या लढ्याचे हे ठळक उदाहरण होय. कर्नाटकात त्याची आठवण पोवाड्यासारख्या गीतांतून टिकून राहिली; महाराष्ट्राच्या बाजूस मात्र ते फारसे परिचित नाही. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना पद्धत पक्की केली. यूरोपियन व काही मानकरी यांना त्यातून सूट होती, सामान्य रयतेस नव्हती. हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता असल्याने सांगली, मिरज, औंध, फलटण, जत या संस्थानांत त्यांचे स्वतःचे नियम चालत. औंध संस्थानाची ७२ गावे तर सातारा व विजापूर जिल्ह्यांत विखुरलेली होती. शेजारच्या दोन गावांत बंदुकीचे दोन कायदे, अशी स्थिती ८ मार्च १९४८ रोजी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत राहिली. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले.

मागून भरण्याच्या बंदुकांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला आणि १२ बोरची दुनळी बंदूक ही शिकारी बंदूक म्हणून सर्वमान्य झाली. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी जिच्यात बसेल ती १२ बोरची नळी. तिचा व्यास सु. १८·५ मिमी. असतो. २० बोरचा व्यास सु. १५·६ मिमी. तर ४१० नावाच्या लहान बंदुकीचा, ०·४१० इंच म्हणजे सु. १०·४ मिमी. असतो. १२ बोरच्या नेहमीच्या काडतुसात सु. ३० ग्रॅ. छर्रे असतात. ते ६ क्रमांकाचे असल्यास त्यांची संख्या सु. २८५ भरते. ४१० च्या ६३ मिमी. लांबीच्या काडतुसात सु. १४ ग्रॅ. म्हणजे १३० च्या आसपास छर्रे मावतात.

छर्ऱ्याच्या बंदुकीची अचूकता एका गोळीने नव्हे, तर छर्ऱ्यांच्या फुलोऱ्याने मोजतात. सु. ३६·५ मी. अंतरावरील ७५ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात एकूण छर्ऱ्यांपैकी किती पडले, हे तिचे माप. साध्या नळीतून सु. ४० टक्के व तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीतून सु. ७० टक्के छर्रे त्या वर्तुळात पडतात. मध्यम आकाराच्या पक्ष्यास खात्रीने लोळविण्यासाठी त्यात साधारण १२० छर्रे असावेत, असा शिकाऱ्यांचा संकेत आहे. १२ बोरला हे साध्या नळीतून जेमतेम व आवळलेल्या नळीतून सहज साधते. ४१० च्या काडतुसात मुळात छर्रेच १३० असल्याने त्या अंतरावर ते शक्यच नाही. तिचा उपयुक्त पल्ला २० ते २५ मी. इतकाच धरतात. तेच काडतूस आखूड पूरक नळीत घालून १२ बोरमधून उडविले, तर स्थिती आणखी बिघडते. छर्रे व त्यांमागील दट्ट्या १०·४ मिमी. च्या नळीतून एकदम १८·५ मिमी. च्या नळीत येतात, दट्ट्याच्या कडेने वायू पुढे निसटतो, वेग घटतो आणि फुलोरा विस्कळीत होतो. अशा जोडणीने बसलेला होला किंवा लावा १५ मी. वरून पडेल, उडता तितर किंवा पळता ससा पडण्यापेक्षा जखमी होऊन निसटण्याचाच संभव अधिक. जखमी भक्ष्य हातचे जाणे हा या साधनाचा सर्वांत मोठा दोष मानला पाहिजे. दारूची बचत त्यापुढे क्षुल्लक ठरते.

पॉइंट २२ (सु. ५·६ मिमी.) गोळीसाठी असलेल्या पूरक नळ्यांचा प्रश्न निराळा आहे. या काडतुसाचा स्फोटक भाग त्याच्या बुडाच्या कडेत असतो, तर छर्ऱ्याच्या बंदुकीचा घात मध्यभागी बसतो. म्हणून पूरक नळीतील छिद्र मध्यापासून थोडे बाजूला पाडतात. नळीस स्वतःचे सर्पिल आटे नसतील, तर गोळी गरगरत न जाता कोलमडते व तिच्या नेमाला अर्थ राहत नाही. आटे असलेली वीतभर लांबीची नळी असेल, तर २०-२५ मी. वर बसलेला ससा टिपता येतो. परंतु दुनळी बंदुकीच्या नळ्या पुढे एकमेकींकडे किंचित कललेल्या असल्याने नेम व गोळीचे ठिकाण यांत फरक पडतो आणि तो प्रत्येक बंदुकीगणिक वेगळा असतो. शिवाय प्रत्येक बारानंतर नळी बाहेर काढून रिकामे टरफल काडीने ढकलावे लागते.

ही कल्पना मुळात शिकाऱ्यांची नसून सैन्याची होय. १८८० नंतरच्या दशकात ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफलीत बसणारी मॉरिस नळी नेमबाजीच्या सरावासाठी स्वीकारली. नेमके उलट टोक म्हणजे जॉर्ज फॉसबेरी या हिंदुस्थानात सेवा केलेल्या लष्करी अधिकाऱ्याने १८८५ मध्ये एकस्व घेतलेली पॅराडॉक्स बंदूक. तिच्या नळीच्या केवळ शेवटच्या काही सेंमी. भागात आटे असल्याने ती छर्रे चांगले उडवी व जड गोळीही सु. ९० मी. पर्यंत नेमकी टाकी. एकाच शिकारीत तितर व अस्वल दोन्ही भेटण्याचा संभव असलेल्या भारतीय जंगलात ती लोकप्रिय झाली. लहान काडतुसाच्या पूरक नळीचा खरा उपयोग झाला तो पक्षिशास्त्रज्ञांना. संग्रहालयासाठी चिमणीएवढा पक्षी हवा असता १२ बोरच्या बाराने त्याची कातडी निकामी होई. बारीक छर्ऱ्यांचे लहान काडतूस जवळून उडविल्यास ती शाबूत राही. पिसांचा अभ्यास करणाऱ्यास पंधरा मीटरांचा पल्ला पुरेसा होता.

पूरक नळीच्या वापरात धोकेही आहेत. लहान काडतुसातील दाब १२ बोरपेक्षा कमी असतो, हा समज चुकीचा आहे. ४१० मध्ये तो कमी नसतो. जुन्या, गंजक्या बंदुकीस ही नळी सुरक्षित करते असे म्हणता येत नाही. २० बोरचे काडतूस पूरक नळीशिवाय चुकून १२ बोरमध्ये घातले, तर ते पुढे सरकून नळीत अडकते. त्यामागे १२ बोरचे काडतूस घालून चाप ओढल्यास नळी फुटते. २० बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात यामुळेच पडला.

सातारा-सांगलीत या नळ्या रुजण्यास खरी अडचण कायद्याची होती. १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात संरक्षण वा शिकारीसाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नसल्याचे दिसल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. काडतुसे परवान्यावरील बोरप्रमाणेच मिळतात. त्यामुळे १२ बोरच्या धारकास ४१० किंवा पॉइंट २२ ची काडतुसे विकत घेता येत नाहीत आणि त्यांच्यावाचून पूरक नळी म्हणजे निव्वळ धातूचा तुकडा. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची १२ बोरची ‘शक्तिमान’ काडतुसे मात्र गावोगावच्या परवानाधारकांच्या परिचयाची झाली. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे.

शिकारीवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने आले. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम हा त्यांतील महत्त्वाचा टप्पा. त्याच्या घडणीत पक्षितज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव अधिनियमात ‘लहान शिकार’ हा स्वतंत्र कायदेशीर वर्ग होता व तिचा परवाना मिळू शकत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीने प्राण्यांच्या अनुसूचींची फेररचना झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यामुळे ससा, तितर वा लावा मारणे आज गुन्हा आहे, मग ते बंदुकीने असो, फासाने असो वा कुत्र्याने. फासेपारध्यांच्या परंपरागत उपजीविकेचा आधार यात नाहीसा झाला आणि त्याची भरपाई करणारी योजना कायद्याबरोबर आली नाही, ही या बदलाची दुर्लक्षित बाजू होय.

कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ मध्ये घोषित झाली. चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व २०१० मध्ये दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. खटाव तालुक्यातील मायणी येथे २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र झाले. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य (१९८५, सु. १०·८७ चौ. किमी.) हे त्यांत वेगळे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर झाडे लावून व बाहेरून हरणे आणून ते घडविण्यात आले. हरणांची संख्या वाढली, तशी ती कुंपणाबाहेर येऊन भोवतालच्या शेतांतील पिके खाऊ लागली. पिकांचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांच्या बाबतीत अधिनियमाच्या ११ व्या कलमाखाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती नसेल, तर पिकाच्या राखणीसाठी परवाना दिलेल्या बंदुकीचा बारही शेतकऱ्यास हवेतच काढावा लागतो.