प्रास्ताविक, परंतु दुसरा

ज्ञातीतील एका भगिनींनी मध्यंतरी आम्हांस विचारले, की अमेरिकेत संगणकशास्त्र शिकणारा आपला मुलगा पहिल्या सत्रात प्रास्ताविक अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला असता दुसऱ्या सत्रात पुन्हा प्रास्ताविकच कसा? तो मागे तर पडला नाही ना? या काळजीचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

तेथील संगणकशास्त्रज्ञांची एसीएम ही संस्था १९४७ सालची. तिने १९६८ मध्ये विद्यापीठांसाठी जो पाठ्यक्रम सुचविला, त्यात माहितीच्या रचनांचा विषय मधल्या पायरीवर होता. पुढे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित पाठ्यक्रमात सीएस १ व सीएस २ अशी जोडी आली, आणि त्या रचनांची तोंडओळख दुसऱ्यातच होऊ लागली. १९८४ च्या शिफारशींनी तिला तेथे अधिकच जागा दिली.

असे का झाले? पहिल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी यंत्रास आज्ञा द्यावयास शिकतो. पण समजा, सभासदांची एक हजार नावे अकारविल्हे लावलेली आहेत. आरंभापासून एकेक पाहत गेल्यास हजारदाही पाहावे लागेल. प्रत्येक वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी सोडून दिल्यास दहा वेळांत काम होते. दोन्ही प्रोग्रॅम बिनचूकच. मात्र नवा सभासद आला की ओळीने मांडलेल्या यादीत पुढची सारी नावे सरकवावी लागतात. प्रत्येक नावापाशी पुढच्याचा पत्ता ठेवला, तर सरकवासरकवी टळते. परंतु मग मधले नाव एकदम गाठता येत नाही! हे देणेघेणे ओळखणे, हाच दुसऱ्या अभ्यासक्रमाचा गाभा. येथे भले भले अडखळतात. त्यातच रिकर्शन, म्हणजे मोठा प्रश्न त्याच घाटाच्या लहान प्रश्नात उतरविणे, याचीही भर असते. तेही अंगवळणी पडावयास वेळ लागतो.

शाळेतच हा भाग उरकावा, अशीही सोय तेथे होती. एपी परीक्षांत संगणकशास्त्र १९८४ मध्ये आले. १९९२ पासून त्याचे ए व एबी असे दोन भाग झाले. दुसऱ्या अभ्यासक्रमाचा विषय एबीमध्ये असे. २००९ च्या परीक्षेनंतर एबी बंद झाली. तेव्हापासून, शाळेत ए उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्यासही हा भाग बहुधा विद्यापीठातच शिकावा लागतो.

त्या भगिनींस आम्ही एवढेच कळविले, की मुलगा वर्ग पुन्हा करीत नाही. त्यास या सत्रात गुण थोडे कमी पडले, तरी बोल लावू नये.